सेल्फ मारला, गाडी चालू होईना: आता काय बघायचं?

खान्देशात गाडीची बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरात. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर गेला की उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त तापतं. बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांमागे साधारण दुप्पट होतो. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. पण उन्हाळ्यात इंजिन मुळात गरम, ऑइल पातळ, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) ओढून नेते आणि कुणाला शंका येत नाही. मग थंडी पडते, पहाटे पारा १० च्या आसपास येतो, ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो. शेतात भरताची पार्टी आहे, सगळे बसलेत, आणि गाडी नुसतं 'कट' करून गप्प. मग सगळा दोष थंडीच्या माथी.

म्हणून गाडी चालू झाली नाही की दर वेळी बॅटरीच बदलायची, असंही नाही. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत 'काय व्हयनं भाऊ?' म्हणत चार जण जमतात आणि चौघांचं निदान चार प्रकारचं. एक म्हणतो बॅटरी, दुसरा सेल्फ, तिसरा पंप. दोन पार्ट बदलून झाल्यावर कळतं की अर्थची पट्टी (बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणारी) सैल होती. त्यापेक्षा आधी नीट ऐका. किल्ली फिरवल्यावर गाडी जो आवाज काढते त्यात अर्धं निदान असतं.

काहीच आवाज नाही, किंवा एकच 'कट', किंवा भराभर 'टक-टक-टक-टक': सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही, सेल्फच बिघडलाय, किंवा गाडीच स्वतःहून सेल्फ अडवतेय. इंजिन 'उं... उं... उं' करत जड फिरतं: बहुतेक बॅटरी, नाहीतर तिचं कनेक्शन. इंजिन नेहमीच्या वेगानं मस्त फिरतं, पण पकडत नाही: बॅटरी आणि सेल्फ दोघेही सुटले, आता इंधन, स्पार्क आणि सेन्सर बघायचे. या तिसऱ्या प्रकारात जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची) शोधत फिरण्यात काही अर्थ नाही, तरी लोक फिरतात.

आणखी एक. सेल्फ एका वेळी ५ ते ७ सेकंदच मारायचा, मग अर्धा मिनिट थांबायचं. पेट्रोल गाडीचा सेल्फ शे-दीडशे अँपिअर खातो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. सलग दाबून धरला तर बॅटरी उतरते, सेल्फचं वाइंडिंग तापतं आणि मूळ दोष बाजूला राहून दोन नवे उभे राहतात.

बॉनेट उघडण्याआधी

बटण स्टार्टची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय ती सेल्फ घेतच नाही, आणि ब्रेक दाबलाय हे तिला कळतं पेडलजवळच्या ब्रेक स्विचवरून. हा स्विच छोटा आणि स्वस्त असतो, पण बिघडला की गाडी दगडासारखी उभी. तपासायला सोपं: ब्रेक दाबा आणि मागचे लाल दिवे लागतात का, ते कुणाला तरी बघायला सांगा. दिवे लागत नाहीत आणि गाडीही सेल्फ घेत नाही, तर आधी त्या दिव्यांचा फ्यूज बघा, मग स्विच. बऱ्याच गिअरच्या गाड्यांत हेच काम क्लचचा स्विच करतो. पायाखालचं मॅट सरकून क्लचखाली आलं तरी पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि सेल्फ गप्प राहतो. ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये हवी, एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गिअरची गाडी) असेल तर एनमध्ये.

रिमोटचा सेल संपला की डॅशबोर्डवर 'किल्ली सापडत नाही' असा संदेश येतो. बहुतेक रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल असतो, किराणा दुकानातसुद्धा मिळतो. तोवर रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. बहुतेक कंपन्यांनी ही सोय ठेवलेली असते. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तिकेत दिलेली असते. साध्या किल्लीच्या गाडीत डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा गाडी-कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये. एकाच कड्यात दुसऱ्या गाडीची किल्ली असेल तर ती बाजूला काढा, दुसरी किल्ली वापरून बघा. त्यानंही दिवा विझला नाही तर घरी करण्यासारखं काही उरत नाही.

बॅटरी, आणि बॅटरीच्या नावावर खपणारे दोष

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे पार विझत आले तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल धरत नाहीये. दिवे जराही मंद झाले नाहीत आणि सेल्फही गप्प, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही: फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), किल्लीचा स्विच, सोलेनॉइडची (सेल्फवरचा विजेचा स्विच) बारीक वायर. दिवे किंचित मंदावले, एक घट्ट 'कट' आला आणि पुढे काही नाही, तर सेल्फ अडकलाय किंवा त्याचे कार्बन ब्रश संपलेत.

यापुढे मल्टिमीटर लागतो. तीनशे-चारशे रुपयांचा साधा चालतो, आणि गाडी बाळगणाऱ्याच्या घरात तो असावाच, असं माझं ठाम मत आहे. गाडी बंद होऊन दोन-तीन तास झाले असतील तेव्हा बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर मोजा. नुकतीच चालवली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ ला ती रिकामीच समजा. आकडा १०.५ च्या आसपासच अडकून राहत असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल मेलाय. अशा बॅटरीवर पैसे घालू नका.

आता सेल्फ मारताना आकडा बघा. तो १० च्या आसपास टिकला पाहिजे. ९.६ च्या खाली जात असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर ती आतून खलास आहे: उभ्या उभ्या १२.५ दाखवते आणि जोर लावायची वेळ आली की बसते. दुकानदाराकडे लोड टेस्टर असतो, तो हेच मोजतो. टेस्टर न लावता 'बॅटरी गेली भाऊ' म्हणणाऱ्या दुकानातून बॅटरी घेऊ नका.

टर्मिनल. हाताने पिळून बघा, जरासं जरी हललं तरी सैल आहे. वर पांढरा-हिरवट साका जमला असेल तर साफ करायलाच हवा, पण खरी गंमत अशी की वरून चकचकीत दिसणारं टर्मिनलसुद्धा आतल्या बाजूने काळपट थराने झाकलेलं असतं आणि सेल्फचा करंट तिथं अडतो. १० नंबरचा पाना घ्या, आधी मायनस काढा, मग प्लस. उलट केलंत आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील. पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओता, फेस थांबेपर्यंत. झाकणांच्या भोकातून ते आत जाऊ देऊ नका. सुकल्यावर पॉलिश पेपरने पोल आणि क्लॅम्पचा आतला भाग घासा. लावताना आधी प्लस, मग मायनस. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी व्हॅसलीन लावून वर टर्मिनल बसवायचं नसतं.

यातूनही काम झालं नाही तर अर्थ. बॅटरीच्या मायनसवरून एक वायर बॉडीला जाते आणि एक विणलेली पट्टी किंवा जाड केबल इंजिन-गिअरबॉक्सला. ही पट्टी खाली असते, चिखल-पाणी खाते, आणि आठ-दहा वर्षांच्या गाडीत तिचे तार एकेक करून तुटत जातात. तिची चाचणी फुकट आहे. जंपरची काळी केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या कोऱ्या धातूला, आणि सेल्फ मारा. गाडी पटकन चालू झाली तर ना बॅटरी बदलायची ना सेल्फ, पट्टी बदला. मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं: सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा धातू यांच्यामधला फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको, आणि बॅटरीचा प्लस ते सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामधला ०.५ पेक्षा जास्त नको.

झाकणाची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी बघा. प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, आणि आरओचं पाणीसुद्धा डिस्टिल्ड नसतं. ॲसिड कधीही वरून घालायचं नाही. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. बिनझाकणाच्या बॅटरीवर हिरवा ठिपका दिसतो त्यावरही विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलची हालत सांगतो.

जंपर लावून गाडी चालू झाली आणि जळगावहून भुसावळला जाऊन आलो, म्हणजे बॅटरी भरली, असं होत नाही. पार उतरलेली बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) भरून काढू शकत नाही, त्यात एसी आणि हेडलाइट चालू असतील तर नाहीच. ती उतरवून दुकानात चार्जिंगला द्या आणि सावकाश चार्ज करायला सांगा: ३५ अँपिअर-अवर बॅटरीला साडेतीन अँपिअरने १०-१२ तास. 'दोन तासांत देतो' म्हणणारा जास्त करंटने तिला उकळवतो. गाडी परत चालू झाल्यावर टर्मिनलवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. १३ च्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासा. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि नवी बॅटरीही तो खाऊन टाकेल. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून 'अल्टरनेटर चार्ज करतो का' बघायची जुन्या मिस्त्रींची पद्धत आजच्या गाडीवर करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट (गाडीचा कॉम्प्युटर) जळू शकतं.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दर तीन-चार दिवसांनी उतरते? मग काहीतरी गुपचूप करंट पितंय. सगळं बंद, दारं लॉक, अर्धा तास थांबून (कंट्रोल युनिटं झोपी जायला वेळ लागतो) मायनस वायर काढून ती आणि बॅटरीचा मायनस पोल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून मोजा. २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. ५० धरलं तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ३५ च्या बॅटरीतून पंधरा दिवसांत निम्मा साठा संपतो. डिकीतला ५ वॉटचा दिवा लागून राहिला तर दिवसाला १० जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बॅटरी बसते. मीटर जास्त दाखवत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, ती लाइन चोर. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर किंवा कॅमेराच निघतो. हा प्रयोग चालू असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

सेल्फ

भरलेली बॅटरी, स्वच्छ टर्मिनल, तरी एकच 'कट': सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलके दोन-तीन ठोके देऊन, त्याच वेळी कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अडकलेला ब्रश सुटतो आणि गाडी चालू होते. ही दुरुस्ती समजू नका, गॅरेजपर्यंत जाण्यापुरती सोय आहे. ब्रश, बुश आणि सोलेनॉइडचे काँटॅक्ट बदलून सेल्फ बांधून मिळतो, नवा घ्यायची घाई नको. सेल्फ 'झ्झ्झ' करून मोकळा फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचे दात इंजिनच्या रिंगमध्ये अडकवणारा भाग) गेलं. कधीमधीच असं होत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात एका जागी झिजलेले असू शकतात: गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून हातभर ढकला, न्यूट्रल करून पुन्हा मारा.

इंजिन फिरतं, पण पकडत नाही

पेट्रोल गाडीत किल्ली ऑन करून, सेल्फ न मारता, मागच्या सीटकडे कान द्या. दोन सेकंद 'झूं' असा पंपाचा आवाज यायला हवा. आला नाही तर फ्युएल पंपाचा फ्यूज बघा, मग रिले. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबरचा असतो. दोघांची अदलाबदल करा. पंप बोलू लागला तर काम झालं, हॉर्नशिवाय गावापर्यंत जाता येईल, आणि तेही आपल्याकडे अवघडच. तरी पंप गप्प असेल तर टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा. काटा नेहमी खरं सांगत नाही, आणि उतारावर तिरक्या उभ्या गाडीत थोडंसं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं. पंप टाकीतल्या पेट्रोलातच बुडून थंड राहतो, त्यामुळे मे महिन्यात कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांचे पंप लवकर जातात. टाकी पावच्या खाली जाऊ न देणं पंपापेक्षा स्वस्त पडतं.

सीएनजीवाल्यांना हे जास्त लागू. सुरतकडे येणं-जाणं असणाऱ्यांकडे सीएनजी गाड्या भरपूर, आणि पेट्रोल टाकीत दोन लिटर, तेही सहा महिन्यांपूर्वीचं. काही नव्या गाड्या थेट सीएनजीवर चालू होतात, पण बाकीच्या आधी पेट्रोलवरच चालू होतात. जुनं पेट्रोल इंजेक्टरवर गोंदासारखं बसतं, आणि आताच्या पेट्रोलातलं इथेनॉल पाणी ओढतं. निदान आठ-दहा लिटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

पंप बोलतोय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे बहुधा स्पार्क प्लग भिजलेत. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पूर्ण ॲक्सिलरेटरवर कंट्रोल युनिट पेट्रोल बंद करतं आणि हवेने प्लग सुकतात. वास इंजिनाजवळ जास्त आणि खाली थेंब दिसत असतील तर मात्र सेल्फ मारूच नका, पाइप फुटलाय.

सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. अनेक गाड्यांत तो दोनशेच्या आसपास किंचित हलतो. पूर्ण शून्यावर मेल्यासारखा असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कंट्रोल युनिटला सांगणारा) संशय घ्या. मोबाइलला जोडायचा ओबीडी रीडर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारा) असेल तर पी०३३५ कोड दिसेल. कॅम सेन्सरचा पी०३४०. रीडर स्वस्त मिळतो आणि निदानाचे पैसे वाचवतो, पण कोड आला म्हणून लगेच सेन्सर घेऊ नका. वायर किंवा कपलर खराब असला तरी कोड तोच येतो.

उन्हाळ्यातली ठरलेली तक्रार याच सेन्सरची असते: गाडी धुळ्याहून पारोळ्यापर्यंत छान येते, चहाला थांबवता, आणि मग चालू होत नाही. अर्धा तास गेला की आपोआप चालू. गरम झाल्यावर सेन्सरच्या आतली बारीक कॉइल तुटक होते, थंड झाली की जुळते. सेन्सरवर ओला फडका पाच-दहा मिनिटं ठेवून बघा, चालू झाली तर चोर सापडला. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, म्हणून मिस्त्रीला दोष सापडत नाही. गाडी गरम असतानाच दाखवा, किंवा निदान 'गरम झाल्यावरच' हे शब्द त्याला सांगा. जुन्या कार्बोरेटरच्या व्हॅन-ओम्नीत हीच लक्षणं पेट्रोलची पाइपात वाफ झाल्याने येतात, तिथं पंपावर आणि पाइपावर ओला फडका टाकायचा.

इंजिन नेहमीपेक्षा फारच हलकं, भरभर, एकसुरी फिरत असेल, तर थांबा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला असू शकतो. अजून दोन सेल्फ मारले तर व्हॉल्व्ह वाकू शकतात.

डिझेलचं वेगळं

डिझेलमध्ये प्लग-स्पार्क नाही, त्यामुळे भानगडी तीन: हवा, पाणी, आणि गरम न होणारे हीटर प्लग (थंड सिलिंडर आधी तापवणारे). टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल भरून फिल्टरवरचा किंवा पाइपमधला हातपंप कडक होईपर्यंत दाबा, बऱ्याचदा ३०-४० वेळा दाबावा लागतो. हातपंप नसेल आणि पंप टाकीत असेल तर किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा. कॉमन रेल इंजिनवर (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं नवं इंजिन) इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढायचा नाद करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडीतून आत घुसते. ट्रॅक्टरवर चालणारी युक्ती इथे चालत नाही.

शेतावर ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतलं जातं, त्यातून पाणी आणि गाळ येतो. फिल्टरखालचा खटका सैल करून पाणी निथळू द्या, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. थंडीत जुन्या डिझेल गाड्यांना हीटरचा पिवळा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबावंच लागतं. तरीही सकाळी पांढरा धूर सोडत कुंथत असेल तर प्लगची वायर काढून मीटरने ओहम मोजा: साधारण अर्धा ते दोन ओहम ठीक, काहीच दाखवलं नाही तर तो प्लग तुटला.

उंदीर आणि पाणी

कापूस घरात आला, मका-ज्वारी निघाली की शेतातले उंदीर गावात येतात आणि रात्रीच्या गरम इंजिनावर मुक्काम करतात. काल संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी सकाळी अचानक चालू होत नसेल आणि डॅशबोर्डवर तीन-चार वेगवेगळे दिवे एकदम लागले असतील, तर टॉर्च घेऊन आधी इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी बघा. लेंड्या, कुरतडलेला फोम, केळीची साल दिसली की समजा. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका. सोल्डरचा डाग द्या, श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. तंबाखूच्या पुड्या काही दिवस चालतात, मग उंदीर सरावतात. इंजिनाखाली बारीक जाळी आणि रात्री बॉनेट उघडं ठेवणं जास्त उपयोगी, कारण उंदराला अंधार आणि ऊब हवी असते.

पावसाळ्यात पांझरा किंवा बोरीच्या फरशी पुलावर पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर प्लग (डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा हीटर प्लग) काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये. असा सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, वेगळं इंजिन प्रोटेक्ट कव्हर लागतं.

जंपर आणि धक्का

लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो; बिडी-सिगारेट लांब. पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम. केबल पेट्रोल गाडीला १६ चौरस मिलिमीटरची, डिझेलला २५ ची हवी. बाजारातली स्वस्त केबल वरून जाड आणि आत तार चार. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, तिच्यावरून इंजिन बंद ठेवून जंपर घेता येतो. ट्रकमध्ये मात्र दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. ट्रकवाल्या भाऊंनी कितीही प्रेमाने केबल पुढे केली तरी नको म्हणा.

धक्का फक्त गिअरच्या गाडीला. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी १०-१५ च्या वेगात आली की क्लच पटकन सोडायचा आणि चालू होताच परत दाबायचा. एएमटी आणि ऑटोमॅटिकला धक्का मारून फक्त माणसं दमतात. बॅटरी पार शून्य असेल तर इंजेक्शनची गाडी धक्क्यानेही चालू होत नाही, कारण पंप आणि कंट्रोल युनिटलाच वीज नसते. कन्नडच्या किंवा कोंडाईबारीच्या घाटात बंद पडलेली गाडी उतारावर सोडून चालू करायचा मोह होतो. इंजिन बंद असताना दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगड होतो आणि स्टिअरिंग जड, हे लक्षात घेऊन तो मोह आवरा. चाकामागे दगड लावा, धोक्याचे दिवे लावा, मागे पन्नासेक मीटरवर त्रिकोण ठेवा आणि माणसांना रस्त्याच्या कठड्याबाहेर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर चोवीस तास लागतो.

फिटरला फोन करताना 'गाडी बंद पडलीय' एवढंच सांगितलं तर तो मोकळ्या हाताने येतो. सांगायचं ते असं: इंजिन फिरतं की नाही, आवाज कसा येतो, गरम असताना बंद पडली की सकाळी थंड, कोणते दिवे लागलेत, पंप बोलतो का, टाकीत किती आहे, मीटर असेल तर व्होल्ट किती. म्हणजे तो बॅटरी घेऊन यायचं की रिले, की थेट टोचन करायला दुसरी गाडी, हे गॅरेजमधूनच ठरवून निघतो.